वाकायचं नाही

पेरू बरोबर माझ्या पायाशी पडला. टप्प असा आवाज झाला, त्यानं एक उडी मारली आणि माझ्या चपलेला टेकून थांबला. पिवळाधमक, एका बाजूनं पोपटानं टोचलेला. पोपट टोचतो तो पेरू म्हणजे नुसती साखर. मी अंगणात खुर्चीवर बसलो होतो आणि पेरूकडं बघत होतो.

त्या वेळी माझं वजन शंभर किलोच्या वर होतं. केरबा वस्ताद येतोय म्हटलं की वेदगंगेच्या काठावरच्या चार गावांत लोक आपणहून वाट द्यायचे. आणि असा मी, बायको हौसा डेअरीवरनं कधी परत येते आणि पेरू उचलून हातात देते, याची वाट बघत बसलो होतो.

आमची शेळी आली. तिनं पेरूकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"हैक्!" मी ओरडलो.

ती जागची हलली नाही. तिला माझी कंबर माहीत होती. तिनं सावकाश पेरू तोंडात धरला आणि माझ्यासमोर उभी राहून, डोळे मिटून खाल्ला.

हौसा आली तेव्हा मी एवढंच म्हणालो, "तुझी शेळी लई माजलीया."

आता पासष्टी ओलांडल्यावर हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. दहा-अकरा वर्षं माझी कंबर दुखत होती. चाळिशी उलटल्यावर आमच्याच गावच्या जत्रेत माझी शेवटची कुस्ती झाली, दस्तगीर मुल्लाणीशी. तो मिरजेकडचा. कोल्हापूरच्या एकाच तालमीत आम्ही मोठे झालो, एका ताटात जेवलो. त्या दिवशी दस्तगीरनं मला ढाकेचा डाव लावून असा उचलून टाकला की मैदानातली माती उडाली. मी उठलो, त्याला मिठी मारली, दोघं घरी येऊन मटण-भाकरी जेवलो. पुढं दोन दिवसांनी म्हशीला वैरणीचा भारा उचलायला वाकलो आणि कंबर धरली ती धरलीच. दीड महिना अंथरुणात. मोठ्या दवाखान्यात मणक्याचा फोटो काढला. चकती सरकलीय, आता वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, कमरेचा पट्टा सोडायचा नाही, असं सांगितलं.

मी कायदा पाळणारा माणूस. पट्टा बांधला तो आंघोळीपुरता सोडायचा. हाडवैद्य झाले, तेलं झाली, गरम विटेचा शेक झाला, फळीवर झोपून झालं. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी परत तेच. हळूहळू सगळं घर माझ्या कमरेच्या उंचीला आलं. चपला स्टुलावर, पाण्याचा तांब्या कोनाड्यात, साबण खिडकीत. म्हशीची धार हौसा काढायची, भारा हौसा आणायची. माझ्या हातातनं काही निसटलं तर ते जमिनीला लागायच्या आत ती पळत यायची.

तालमीत मी खुर्चीवर बसून शिकवायचो. "पाय आत घाल! मान खाली!" असं ओरडायचो. पण ढाक कशी लावायची हे ओरडून सांगता येत नाही, ती अंगानं दाखवावी लागते. पोरं आदरानं मान डोलवायची आणि मग मोबाइलवर बघून शिकायची.

आणि जत्रा आली की मला ती नकोशी व्हायची. आमच्याकडं रीत अशी आहे, की आखाड्याची पूजा झाल्यावर वस्तादानं आत उतरायचं, वाकून दोन्ही हातांनी माती उचलायची, कपाळाला लावायची आणि पहिल्या जोडीच्या अंगावर टाकायची. मग हलगी कडाडते. माझ्यासाठी ती माती ताटलीतनं यायची. हळदीकुंकवासारखी. मी दोन बोटं बुडवायचो आणि मैदानातल्या हजार माणसांपैकी एकाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हतो.

त्या वर्षी हौसाचा खांदा आखडला. गारगोटीत फिजिओथेरपीचा नवा दवाखाना निघाला होता. सोबत म्हणून मी गेलो. डॉक्टर म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, ऋतुजा हत्तरकी. गडहिंग्लजकडची. तिचा दंड माझ्या मनगटाएवढा असेल. हौसाचा हात वर-खाली करून बघत होती तेवढ्यात मी खुर्चीवर बसायला घेतलं. माझं बसणं म्हणजे एक कार्यक्रमच होता. एक हात भिंतीला, दुसरा गुडघ्यावर, मग श्वास धरायचा, डोळे बारीक करायचे आणि पट्ट्यासकट खाली जायचं.

ती हौसाचा हात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली.

"काका, श्वास का धरलात?"

"कुठं धरला?"

"आत्ता. बसताना."

"न्हाई धरला तर कळ येती."

हौसाला तेवढंच पाहिजे होतं. खांदा राहिला बाजूला, तिनं माझी सगळी कहाणी सांगून टाकली. शेळीचंसुद्धा सांगितलं. त्या पेरूचं तिला कसं कळलं देव जाणे, शेजारणीनं बघितलं असावं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला टेबलावर झोपवलं, पाय उचलायला लावले, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, ताप येतो का, वजन उतरलं का, असं खोदून खोदून विचारलं. मी सगळ्याला नाही म्हणालो. मग पुढच्या खेपेला जुना फोटो घेऊन या म्हणाल्या. मी घेऊन गेलो. त्यांनी तो उजेडात धरला.

"हा फोटो काढला तेव्हा तुमचे केस कसे होते, काका?"

"काळे. दाट."

"मग तुमच्या डोक्याचा अकरा वर्षांपूर्वीचा फोटो बघून आज कुणी तुम्हाला कंगवा घेऊन दिला तर?"

माझं टक्कल चमकत होतं. हौसा पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अशा चकत्या पुष्कळदा आपोआप बऱ्या होतात," बाई म्हणाल्या. "आणि चाळिशीनंतर कुणाचाही फोटो काढला तरी असं काही ना काही दिसतं. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही त्यांचंसुद्धा."

मला राग आला. "म्हंजे माजं दुखणं खोटं हाय?"

"अजिबात नाही. तुमचं दुखणं खरं आहे. पण दुखतंय म्हणजे आत काहीतरी मोडतंय, असं नाही. तुमच्याकडं कुत्रं आहे?"

"हाय की. वाघ्या."

"एकदा चोरी झाली आणि तेव्हापासून ते जावयावरसुद्धा भुंकायला लागलं, तर? भुंकणं खरंच असतं. पण चोर नसतो."

मला ते पटलं नव्हतं. मग त्यांनी एकदम विषयच बदलला.

"तालमीत नवा मुलगा आला तर पहिल्या दिवशी किती जोर काढायला लावता?"

"थोडंच. जेवढं झेपतंय तेवढं."

"दुसऱ्या दिवशी त्याचं अंग दुखतं?"

"दुखणारच. जिना उतरता येत न्हाई त्याला."

"मग त्याला घरी पाठवता? पट्टा बांधून दहा वर्षं खुर्चीवर बसवता?"

"छे! हलकं करून घ्यायचं. पर आखाड्यात यायचंच. मग रोज थोडं थोडं चढवत न्यायचं."

"मग काका, तुमच्या कमरेला वेगळा न्याय का?"

चाळीस वर्षं मी आखाड्यात होतो. समोरचा कुठल्या बाजूनं येणार हे मला त्याच्या पायावरनं कळायचं. ही पोरगी कुठनं आली आणि कधी मला चीत केलं, ते कळलंच नाही.

"काय करायला मिळालं तर तुम्हाला बरं वाटेल?" त्यांनी विचारलं. "दुखणं थांबावं, हे सोडून सांगा."

मी हौसाकडं बघितलं. ती खाली बघत होती. तिला माहीत होतं.

"जत्रंला माती उचलायची हाय," मी म्हणालो. "माज्या हातानं. वाकून."

जत्रा तीन महिन्यांवर होती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात गंमत सुरू झाली. सकाळी उजाडलं की नदीपर्यंत चालायचं, पहिल्यांदा देवळापर्यंत, मग पिंपळापर्यंत, मग पार पाण्यापर्यंत. खुर्चीतनं हात न लावता उठायचं आणि बसायचं, आणि श्वास सोडत बसायचं. मग वाकणं. पाठ सैल सोडून, कुल्ले मागं ढकलून, आधी हात कॉटला टेकवायचे. ते जमलं की स्टुलाला. ते जमलं की पाटाला. सगळ्यात शेवटी जमीन. पट्टा आधी चालताना सोडायचा, मग घरात, मग कायमचा.

पहिल्या दिवशी पट्टा सोडला तर माझी कंबर आता गळून पडेल की काय, असं वाटत होतं. गावात कुणाला दिसायला नको म्हणून मी गोठ्यात म्हशीपुढं वाकायचो. मी खाली गेलो की म्हैस मान खाली घालून बघायची, मी वर आलो की तीही वर.

दुखायचं. दुखत नव्हतं असं नाही. पण बाईंनी सांगितलं होतं, दुखणं थोडं वाढून दुसऱ्या सकाळपर्यंत खाली आलं तर चालू ठेवायचं, नाही आलं तर थोडं कमी करायचं, पण बंद करायचं नाही. हे मला समजत होतं. हीच तर तालीम.

खरी पंचाईत हौसाची झाली. बाईंनी तिलाही सांगितलं होतं, "काकू, यांना आयतं देऊ नका." अकरा वर्षांची सवय. माझ्या हातातनं टॉवेल पडला की तिचे पाय पळायचे आणि ती स्वतःलाच धरून उभी राहायची. पण एकदा तिनं मनावर घेतलं आणि मग माझे हाल सुरू झाले. सकाळी बघतो तर साबण खिडकीत नाही, खाली दगडावर. चपला स्टुलावर नाहीत, कॉटखाली.

"हे काय?"

"मला न्हाई म्हाईत. बाईंनी सांगितलंया."

"बाईंनी तंबाखूची डबी जात्याखाली ठेवायला सांगितलंया?"

"ती माजी अक्कल," हौसा म्हणाली.

पाटाला हात टेकले त्या दिवशी तिनं मला गोड शिरा करून घातला. स्वतःच्या खांद्याचे व्यायाम ती रेटत होतीच. एकीकडं ती भिंतीवर बोटं चढवत न्यायची, दुसरीकडं मी पाटाकडं वाकायचो. कुणी येऊन बघितलं असतं तर दोघंही कामातनं गेलीत असं म्हणाला असता.

असं चाललं होतं आणि जत्रा तीन आठवड्यांवर आली. एके दिवशी तालमीचे पंच घरी आले. चहा झाला. मग त्यांच्यातले थोरले म्हणाले, "वस्ताद, औंदा जत्रंत तुमचा सत्कार करायचा ठरलंय. शाल, फेटा, मानाची खुर्ची. भायेरनं जुनी मल्ल मंडळी बोलावतोय. लई सेवा केलीसा. आता इश्रांती घ्या."

ते सगळे प्रेमानं बोलत होते. पण सत्कार म्हणजे काय ते मला कळत होतं. तालमीसाठी मुरगूडकडचा एक तरणा वस्ताद बघून ठेवला होता, हे आधीच कानावर आलं होतं.

मी हो म्हणालो. हसून म्हणालो. त्यानंतर दोन-तीन दिवस नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरीची गाडी आली तेव्हा मी रागानं दुधाची भरलेली किटली एका हातानं उचलली आणि गाडीवर फेकल्यासारखी ठेवली.

कळ अशी आली की डोळ्यापुढं काजवे चमकले. दोघांनी धरून घरात आणलं.

मी भिंतीकडं तोंड करून पडलो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, त्या पोरीच्या नादाला लागून वस्तादांनी कंबर घालवली. शेजारच्या बायका येऊन हौसाला सांगून गेल्या, की असल्या दवाखान्यात जायचंच नसतं. हौसानं न बोलता ट्रंकेतनं पट्टा काढला आणि माझ्या उशाशी ठेवला. मी तो बांधला.

"डॉक्टरबाईंना फोन करून सांग," मी म्हणालो, "आता यायचं न्हाई म्हणून."

हौसानं फोन केला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात स्कूटीचा आवाज आला.

बाई आत आल्या, कॉटजवळ स्टूल ओढून बसल्या. चौकशी केली नाही, समजूत काढली नाही. माझे दोन्ही पाय तपासले, अंगठे वर ओढायला लावले, तळव्याला पेनानं रेघ ओढली. मग विचारलं, "परवा झोप लागली होती?"

"न्हाई."

"त्याच्या आधल्या दिवशी?"

"न्हाई."

"काय झालं होतं?"

हौसानं सत्काराचं सांगितलं.

"पायातली ताकद होती तेवढीच आहे," बाई म्हणाल्या. "बधिरपणा नाही. काही मोडलेलं नाही, काका. झोप नव्हती, डोक्यात राग होता, आणि किटली फेकलीत. कुत्रं भुंकलं. चोर आलेला नाही."

मी उसळलो. "तुमचं काय जातंय बोलायला? जत्रंत माती ताटलीतनंच येणार न्हवं मला? तुमी आपलं गारगोटीला बसून कुत्र्या-मांजराच्या गोष्टी सांगा!"

मी त्या मुलीला असं बोललो. तिनं हातातलं पेन पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "माझंही जातंय थोडंसं. कालपासून तिघांनी फोन करून येणार नाही म्हणून कळवलंय. वडील म्हणतायत दवाखाना बंद कर, पुण्याला नोकरी धर."

बाहेर शेळी ओरडली.

"पण मी त्यासाठी आले नाही," ती म्हणाली. "तुमचा एखादा पैलवान एक कुस्ती हरून घरी झोपून राहिला, तर तुम्ही त्याच्या घरी जाता का?"

"जातो."

"काय म्हणता त्याला?"

मी कॉटच्या कडेला हात टेकला. मग म्हणालो, "ऊठ म्हणतो."

"मग?"

त्या दिवशी मी कॉटवरनं उठून दारापर्यंत गेलो. एका बाजूला हौसा, एका बाजूला ती चिमणीएवढी मुलगी. दारात मी पट्टा सोडला आणि हौसाच्या हातात दिला. दुपारी अंगणापर्यंत गेलो. आठवडाभरानं परत पिंपळापर्यंत. नंतर कॉट, मग स्टूल, मग पाट. जमिनीला मात्र हात टेकले नव्हते. जत्रेच्या आदल्या दिवशीही माझी बोटं आणि जमीन यांच्यात वीतभर अंतर होतं.

मैदान भरलं ते ऊन कलायच्या आत. हलग्या घुमत होत्या, फेट्यांचे तुरे हलत होते, भेळवाले ओरडत होते. मला मानाच्या खुर्चीवर बसवलं. शाल आली, नारळ आला, फेटा आला, भाषणं झाली. बायकांच्या बाजूला हौसाशेजारी बाई बसल्या होत्या. त्यांनी मला लांबनंच श्वास सोडायची खूण केली.

तेवढ्यात मला दस्तगीर दिसला.

तो पार मागं, बांधावर, गर्दीच्या कडेला उभा होता. दाढी पांढरी झालेली, अंग उतरलेलं. पंचांनी जुन्या मल्लांना निमंत्रणं धाडली होती त्यात त्यालाही गेलं असणार. त्या शेवटच्या कुस्तीनंतर तो आमच्या गावात कधी आला नव्हता. एकदा मिरजेच्या बाजारात दिसला तर वळून दुसऱ्या गल्लीत गेला होता. मी मनाशी म्हणायचो, जिंकल्यावर माणूस बदलला. सोडून दिलं होतं.

आखाड्याची पूजा झाली. नारळ फुटला. ताटली आली.

"नको," मी म्हणालो आणि उठलो.

शाल काढून खुर्चीवर ठेवली. आखाड्यात उतरलो. आधी कुजबुज झाली, मग ती थांबली, मग हलग्याही थांबल्या. एवढ्या माणसांत नुसता वारा ऐकू येत होता. लाल माती मऊ, ताक-तेल घालून मळलेली, तिचा वास आला. अकरा वर्षं तो वास मी खुर्चीवरनं घेत होतो.

भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू? आयुष्यात कुठल्या पैलवानापुढं वाटली नव्हती तेवढी. मी श्वास सोडला. कुल्ले मागं गेले, गुडघे सैल झाले, पाठ वाकली. कळ आली. ती तिथंच होती, ओळखीची. मी थांबलो नाही, घाईही केली नाही. आणखी एक श्वास सोडला आणि दोन्ही हात मातीत गेले.

मी लगेच वर आलो नाही. मूठ भरली, सोडली, परत भरली. तिथं खाली फार बरं वाटत होतं.

वर आलो, माती कपाळाला लावली आणि पहिल्या जोडीच्या अंगावर उधळली. मैदान असं गरजलं की पलीकडच्या शेतातले बगळे उडाले. हौसाकडं बघितलं तर ती बाईंना मिठी मारून रडत होती, आणि बाई आपला पडलेला चष्मा शोधत होत्या.

गर्दीतनं वाट काढत दस्तगीर आखाड्याच्या कडेला आला. चपला काढल्या. आत उतरला आणि माझ्यापुढं उभा राहिला.

"केरबा," तो म्हणाला, "दुखलं न्हाई?"

"दुखलं की. थोडं."

"मी मोडली तुजी कंबर."

मला कळेना. "काय म्हंतोस?"

"ढाक मी लावली. जरा जादाच जोर लावला, शेवटची कुस्ती म्हणून. लोकांची टाळी पायजे होती मला. नंतर कळलं तू हातरुणात पडलास. कसल्या तोंडानं यायचं? तालमीचं तोंड बघितलं न्हाई मी त्या दिवसापासनं. गावातली पोरं शिकवा म्हणून मागं लागायची. न्हाई म्हणालो. ज्या हातानं दोस्त मोडला, त्या हातानं काय शिकवू?"

अकरा वर्षं मला वाटत होतं, पट्ट्यात एकटा मीच आवळलेला आहे.

"अरं खुळ्या," मी म्हणालो, "त्या राती तू-मी मटण हाणलं न्हाई व्हय? मी मांडी घालून जेवलो. दोन दिसांनी वैरणीचा भारा उचलताना धरली कंबर. आनि ते बी कवाच बरं झालतं. मोडलेलं काय नव्हतंच. मीच भ्यायलो."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस."

आता याला कसं समजवायचं? फोटो, चकती, कुत्रं, हे सगळं त्या गोंगाटात कुठं सांगत बसू? मी वाकून मूठभर माती घेतली आणि त्याच्या छातीवर टाकली. हात पुढं केला.

"धर."

"केरबा, येडा हाईस काय?"

"धर म्हंतो न्हवं!"

त्यानं हात धरला. दुसरा हात माझ्या मानेवर ठेवला, काचेच्या बरणीवर ठेवावा तसा. दोघांची डोकी एकमेकांना टेकली. लोक उभे राहिले. बायकांच्या बाजूनं बाईंचा आवाज आला, "काका, नाही!" आणि मग लगेच, "हळू! हळू!"

"जोर लाव की," मी त्याच्या कानात म्हणालो.

त्यानं थोडा लावला.

"हा जोर? तुला जेवाय घालत न्हाईत काय घरात?"

मग त्यानं लावला. खरा. माझे पाय मातीत रुतले, पोटऱ्या ताठ झाल्या, आणि मी तिथल्या तिथं उभा राहिलो. एक इंचही मागं गेलो नाही. दस्तगीर हसायला लागला. रडत होता आणि हसत होता, आणि तसाच एकदम "आई आई आई" करत स्वतःच्या कमरेला हात लावून वाकडा झाला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई. तीन वर्सं झाली, माजीबी दुखतीया. कुनाला बोललो न्हाई. म्हटलं, अल्लानं बरोबर वाटणी केली."

मी त्याला धरून आखाड्याबाहेर आणला, तो थेट डॉक्टरबाईंच्या पुढं. "बाई," मी म्हणालो, "तुमचे तीन पेशंट गेले न्हवं? हा घ्या एक. वजनाला तिघांएवढा हाय."

पंच जवळ आले, घुटमळले. थोरल्यांनी घसा साफ केला. "वस्ताद, त्ये इश्रांतीचं आमी आपलं..." म्हणाले आणि पुढं काही सुचलं नाही म्हणून मला परत एकदा नारळ दिला.

दस्तगीर त्या संध्याकाळी आमच्याकडं जेवला. हौसानं वाढताना त्याला दम दिला, "अकरा वर्सं घराकडं फिरकला न्हाईसा. परत असं केलंसा तर बघा." तो मान खाली घालून भाकरी चुरत होता. बाई त्याच्या शेजारीच बसल्या होत्या आणि त्याला कमरेचं विचारत होत्या, आणि तो प्रत्येक उत्तर मला विचारून देत होता.

निघताना अंगणात त्यानं माझा हात धरून ठेवला.

"काय?" मी म्हणालो.

"माजी एक नात हाय. रुकसाना. लेकाची. घरातल्या गाद्यांवर भावांना उचलून टाकती. दोन वर्सं झाली, कुस्ती शिकव म्हणून माज्या मागं लागलीया. मी हात लावून देत न्हाई. रडती पोर." त्यानं माझ्याकडं बघितलं. "पोरगी हाय म्हणून तू न्हाई म्हणशील तर..."

"कधी आणतोस?"

"तू सांग."

"उद्या," मी म्हणालो. "पैल्या एस्टीनं आण. आनि तूबी ये लंगोट घिऊन. मी एकट्यानं ढाक कुनाला लावून दाखवू?"